भिंतीशी लावलेला झायडेलबास्ट

जर्मनीतल्या पहिल्याच हिवाळ्यात मला मोठा ताप आला. तो उतरला, खोकला गेला, सर्दी गेली, आणि सर्दीबरोबर मला वास येणंही गेलं. हे मला लगेच कळलं नाही. एका संध्याकाळी गॅसवर दूध करपलं तेव्हा कळलं. मी त्याच खोलीत, शेगडीकडे पाठ करून कपड्यांच्या घड्या घालत होते. हे इन्स्टिट्यूटमधून आले आणि ओव्हरकोटही न काढता थेट खिडकीकडे धावले.

"अगं, झोपली होतीस का? खाली दारापर्यंत वास येतोय."

डोळा लागला होता, असं मी म्हटलं. हे दुसऱ्या दिवशी बाहेर पडल्यावर मी हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. मग कापलेला कांदा, कपडे धुवायचा साबण, केसांचं तेल. काहीच नाही. हवेचा स्पर्श तेवढा नाकात जाई, थंड किंवा कोमट. बाकी जगाने जणू माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

आम्ही स्टुटगार्टजवळ त्सुफेनहाउझेनला एका विधवा बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. हे टेक्निकल युनिव्हर्सिटीत डॉक्टरेट करत होते. साठ साल नुकतंच उलटलं होतं. त्या गावात आपल्याकडची बाई मी एकटीच असेन. मला जर्मन थोडंफार येत होतं, पुस्तकातून शिकलेलं, कारण शाळेत ननांनी माझ्याकडून इंग्रजी व्याकरण इतकं घोटून घेतलं होतं की कुठलीही भाषा मी व्याकरणापासूनच धरायची. बोलायचं मात्र मला कोणत्याच भाषेत जमत नसे. माहेरी मला अबोली म्हणून चिडवायचे. अबोलीलाही वास नसतो, पण तेव्हा कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. केसात तिच्याबरोबर मरवा माळला की झालं.

ह्यांना मी सांगितलं नाही. आज उद्या येईल परत, कशाला सांगायचं, असं आधी वाटलं. मग इतके दिवस का सांगितलं नाही, याचं उत्तर द्यावं लागेल म्हणून सांगितलं नाही. आणि एक कारण असं होतं की दर रविवारी ह्यांचे मित्र जेवायला यायचे. पुण्या-मुंबईची मुलं, आठवडाभर मेन्साचे, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीतले, उकडलेले बटाटे खाऊन कंटाळलेली. "वहिनी, तुमच्या फोडणीसाठी आम्ही जिना चढतो, नाहीतर या माणसाचं तोंड कोण बघतंय," असं ती म्हणायची आणि हे हसायचे. त्या घरातली माझी जागा त्या फोडणीपुरती होती. माझ्या जिभेला आता खारट, आंबट, गोड, कडू एवढंच कळत होतं. मी मोहरीच्या आवाजावर आणि हळदीच्या रंगावर स्वयंपाक करायला शिकले. लसूण तांबूस झाला की पुढचं. एकदा एकाने विचारलं, "वहिनी, आज हिंग संपला का?" मी पुढच्या रविवारी इतका घातला की तोच म्हणाला, "आज मात्र सूड उगवलात."

खरी भीती दुसरीच होती. घरमालकीणबाई एकदा जिन्यात थांबून नाक वर करून म्हणाल्या होत्या, आज वर काहीतरी तळलंय वाटतं. रागाने म्हणाल्या नव्हत्या. पण तेव्हापासून मला माझ्या कोटाचा, केसांचा, हातांचा भरवसा वाटेना. ट्राममध्ये शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली तर ती माझ्यामुळे उठली की तिचा स्टॉप आला, हे मला कसं कळणार? मी बर्फ पडत असताना खिडक्या उघड्या टाकून कांदा परतायची आणि मग खोली गरम व्हायला कोळसा दुप्पट लागायचा. गॅसची कळ बंद आहे ना हे पुन्हा पुन्हा जाऊन बघायची. गळती झाली असती तर मला कळलंच नसतं.

वसंतात बाई मागच्या बागेत काम करत होत्या. मी वरून कपडे वाळत घालायला खाली उतरले होते. त्या बोलायला लागल्या, मला अर्धंच समजत होतं. त्यांच्या जुन्या घरी, लढाईआधी, फाटकाशी एक झुडूप होतं. बारा महिने हिरवं. ऐन थंडीत, सगळं मेल्यासारखं असताना ते फुलायचं आणि रस्त्याने जाणारी माणसं फाटकाशी थबकायची. "सर्दीने नाक बंद झालेल्या माणसालासुद्धा त्याचा वास यायचा," त्या म्हणाल्या.

हे वाक्य मला पूर्ण समजलं. मी हातातला चिमटा तसाच धरून विचारलं, त्याचं नाव काय?

झायडेलबास्ट. जर्मनमध्ये प्रत्येक वस्तू तो किंवा ती किंवा ते असते आणि ते पाठच करावं लागतं. आपलं झुडूप ते, इंग्रजीतही ते, पण झायडेलबास्ट हा तो. मी पाठ केलं.

माझ्यासारख्या न बोलणाऱ्या मुलीने काहीतरी मागितलं याचंच बाईंना नवल वाटलं असावं. त्यांच्या नात्यातले कुणी बोडन सरोवराकडे रोपवाटिका चालवत. त्यांच्याकडून एक लहानसं रोप कुंडीतून आलं. वीतभर उंच, पानं जाड, गर्द हिरवी, तेल लावल्यासारखी. रानातल्या झायडेलबास्टची पानं हिवाळ्यात गळतात, हा मात्र बारमाही आणि म्हणून नाजूक, असं बाईंनी सांगितलं. दक्षिणेकडच्या भिंतीशी, जिथे पूर्वेचा वारा लागत नाही, तिथे त्यांनी मला एक कोपरा दिला. खड्डा मी खणला. त्यांनी तळाशी विटांचे तुकडे टाकायला लावले, पाणी साचू नये म्हणून. मग कुजलेला पालापाचोळा आणि वाळू. कुंडीतून रोप काढताना मुळांभोवतीची माती फुटता कामा नये म्हणून माझे हात त्यांनी आपल्या हातांत धरले.

"आता याला हलवायचं नाही," त्या म्हणाल्या. "कापायचं नाही. सारखं पाणी घालायचं नाही. मुळांना हात लागला की हा रुसतो आणि मरतो. आणि हात धुवा, विषारी आहे."

असं झाड मला सोपं वाटलं. ज्याच्याकडे फार लक्ष द्यायचं नसतं, ज्याला फक्त जपून एकटं सोडायचं असतं. उन्हाळ्यात मी त्याच्या पायाशी चपटे दगड मांडले, माती गार राहावी म्हणून. पहिल्या हिवाळ्यात बाईंनी दिलेलं गोणपाट आणि फरच्या झाडाच्या फांद्या त्याच्याभोवती बांधल्या. थंडी कडक होती. पानं दांड्यापासून खाली लोंबली, जणू मान टाकली, आणि मला वाटलं संपलं. पण ऊन पडलं की ती हळूहळू उचलली जायची. त्या वर्षी फूल आलं नाही. बाई म्हणाल्या, एवढ्यात नाही येत. मला घाई नाही, असं मी म्हटलं.

घाई होती. मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं: याचा वास आला तर सगळं परत येईल. याचाही आला नाही तर कशाचाच येणार नाही. असं ठरवायला काही आधार नव्हता. पण डॉक्टरकडे जायचं तर ह्यांना बरोबर न्यावं लागलं असतं, आणि झुडपाशी मी एकटी जाऊ शकत होते.

पुढच्या शरदात फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे गुच्छ दिसले. गव्हाच्या दाण्याएवढ्या, घट्ट मिटलेल्या. त्या तशाच राहिल्या. नोव्हेंबर गेला, नाताळ गेला, कळ्या थोड्या फुगल्या, गडद गुलाबी झाल्या. मी रोज गोणपाट बाजूला करून बघायची. गोठलेल्या सकाळी त्यांच्यावर दहिवराचे काटे असायचे. एवढ्या थंडीत त्या काळ्या पडतील असं वाटायचं, आणि कधी कधी पडाव्यात असंही वाटायचं. म्हणजे उत्तर ऐकायला नको.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला दोन-तीन दिवस ऊन पडलं आणि एका रविवारी सकाळी एक गुच्छ उमलला. बाहेरून गुलाबी, आतून जवळजवळ पांढरी फुलं, चार पाकळ्यांची, मेणाची असावीत अशी. मी गुडघे टेकून नाक फुलांना लावलं. पाकळ्या गार होत्या. मी डोळे मिटले. श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. आत्ता थंडी आहे म्हणून, थोड्या वेळाने ऊन चढल्यावर, अशी मी स्वतःला समजूत घालत राहिले. दुपारी ऊन चढलं. काहीच आलं नाही.

मधल्या वेळात मी बाईंना विचारून एक डहाळी तोडली आणि वर आणली. आमच्या कपाटावर बाळकृष्णाची लहानशी मूर्ती होती, माहेरून आणलेली. फूल हातात घेऊन मी उभी राहिले. लहानपणी देवाच्या परडीतला सोनटक्का हुंगला म्हणून आईने हातावर चापट मारली होती. वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही. हे फूल तर मी सकाळपासून नाकाला चिकटवून बसले होते. पण वास घेतला असं म्हणायचं का? घेतला होता, आला नव्हता. हे कुणाला विचारायचं? मी वाहून टाकलं.

दुपारी मुलं जेवायला आली. दारातच एक थबकला. "वहिनी, कुठलं अत्तर हो? नवऱ्याला पगारवाढ झाली वाटतं." दुसरा म्हणाला, लिंबासारखा वास आहे, नाही, लवंगेसारखा. हे म्हणाले, "आल्झो, तर हे आमचं बागकाम. दोन वर्षं चाललंय. ही त्याच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलते." सगळे हसले. त्या इवल्या डहाळीने दोन्ही खोल्या भरल्या होत्या म्हणे. मी वाढत होते. एकाने विचारलं, सुंदर आहे ना, वहिनी? मी म्हटलं, हो, सुंदर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा खाली गेले. अजून दोन गुच्छ उमलले होते. मी झुडपापाशी बसले आणि मला रडू आलं. माझ्या मागून हे फाटकाकडे गेले, "येतो गं" म्हणून हात केला. मी मान वळवली नाही. फाटक वाजलं. तेवढ्यात कोळशाची बादली घेऊन बाई मागच्या दारातून बाहेर आल्या आणि माझा चेहरा त्यांना दिसला.

त्यांनी बादली खाली ठेवली. काय झालं, असं विचारलं. आणि दोन वर्षांत जे मी कुणालाही सांगितलं नव्हतं ते मी त्यांना सांगितलं, कारण ती माझी भाषा नव्हती आणि त्यामुळे सांगणारी मी नव्हतेच असं वाटलं. वाक्य मी आधी मनात जुळवलं. झायडेलबास्ट हा तो. म्हणून ते नाही, त्याला. व्याकरण अगदी बरोबर होतं.

"इश कान ईन निश्ट रीशन," मी म्हटलं. मला त्याचा वास घेता येत नाही.

बाईंनी फाटकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कधीपासून?"

"इथे आल्यापासून. पहिल्या हिवाळ्यापासून."

"नवऱ्याला माहीत आहे?"

"नाही. त्यांना सांगू नका."

"मी कशाला सांगेन?" त्या माझ्याजवळ ओल्या दगडावर बसल्या. साठी ओलांडलेली ती जाड बाई कधी अशी जमिनीवर बसलेली मी पाहिली नव्हती. त्यांनी माझा हात आपल्या खरखरीत हातात घेतला आणि अगदी हळू म्हणाल्या, "मलाही माझ्याचा येत नव्हता. तीस वर्षं."

मला काय वाटलं ते सांगता येत नाही. त्यांनाही येत नव्हता! त्यांचं फाटकाशी असलेलं ते झुडूप, थबकणारी माणसं, सर्दीतही येणारा वास, म्हणजे ते सगळं त्यांनीही दुसऱ्यांच्या तोंडूनच ऐकलेलं होतं. तीस वर्षं त्या हो, सुंदर आहे, म्हणत राहिल्या होत्या. मी विचारलं, पुढे आला का? कुणाकुणाला येतो, त्या म्हणाल्या, मला नाही आला. पण माणूस राहतो. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. जर्मनीत आल्यापासून मी कुणाला अशी टेकले नव्हते, ह्यांनासुद्धा नाही.

त्यानंतरचे दिवस, वास आला नाही तरी, बरे गेले. बाई सकाळी कॉफीला खाली बोलवायच्या. फार बोलायच्या नाहीत. कधी केक, कधी सफरचंदं वर पाठवायच्या, माझ्या एकटीच्या नावाने. त्यांच्या स्वयंपाकघरात बसल्यावर माझ्या कपड्यांना कसला वास येतो याची मला भीती वाटेनाशी झाली. दोघींनाही तो कळणार नव्हता.

ह्यांच्याशी मात्र बाई विचित्र वागायला लागल्या. हे गूटन मॉर्गन म्हणाले तर मान वळवायच्या. जिना झाडायची आमची पाळी असली की नेमकं ह्यांना हाक मारून म्हणायच्या, झाडू तुम्ही घ्या, कोळसाही तुम्हीच वर न्या, ती काय मोलकरीण आहे? हे बिचारे रोज बादली घेऊन चढायचे आणि वर येऊन मला विचारायचे, "या बाईंचं माझ्यावर काय बिनसलंय गं? भाडं तर वेळेवर देतो." मी म्हणायची, काय माहीत. खरंच माहीत नव्हतं.

पुढच्या एका रविवारी ते कळलं. मुलं जेवत होती. एकजण त्याच्या प्रयोगशाळेतल्या मेकॅनिकबद्दल तावातावाने सांगत होता. हा माणूस याची उपकरणं मुद्दाम उशिरा द्यायचा. शेवटी म्हणाला, "मी प्रोफेसरांना सरळ सांगितलं, इश कान ईन निश्ट रीशन."

हातातला डाव तसाच ठेवून मी विचारलं, "त्याचा वास येत नाही म्हणजे?"

सगळे हसले आणि तोच म्हणाला, "वास नव्हे हो वहिनी. म्हणजे तो माणूस मला डोळ्यांसमोर नको. आपण नाही का म्हणत, त्याच्या वाऱ्यालाही उभा राहणार नाही? हे लोक वासावर गेले. कॉन्व्हेंटात नाही वाटतं शिकवलं हे?"

"तिला पुस्तकातलं जर्मन येतं," हे कौतुकानेच म्हणाले, "जिन्यातलं नाही. गेनाऊ, अगदी तसंच. आता जरा भात वाढ."

मी भात वाढला. मग आत जाऊन मी नळ सोडला आणि उभी राहिले. बाईंनी फाटकाकडे, नुकत्याच बाहेर पडलेल्या ह्यांच्याकडे, पाहिलं होतं ते डोळ्यांसमोर आलं. माझा तो म्हणजे त्यांना हे वाटले होते. कधीपासून? नवऱ्याला माहीत आहे? प्रत्येक प्रश्नाला मी किती नीट उत्तर दिलं होतं. व्याकरणात चूक केली असती, इंग्रजीसारखं ते म्हटलं असतं, तर त्यांना बरोबर समजलं असतं.

आणि त्यांना सगळे वास येत होते. जिन्यातल्या फोडणीचा, माझ्या कोटाचा, त्या फुलांचा, सगळे. त्यांनी मला सांगितलं होतं ते दुसरंच काही, त्यांच्या नवऱ्याबद्दल होतं, आणि ते मला सांगायचं नव्हतं. माझ्यासारख्या दुसऱ्या कुणा बाईला सांगायचं होतं, जी मी नव्हते.

त्या रात्री मी शब्दकोशातून नवं वाक्य जुळवलं. तापात माझी वासाची शक्ती गेली. साधं होतं, त्यात तो नव्हता. सकाळी ते मनात घोकतच मी खाली गेले.

बाईंनी टेबलावर दोन कप मांडून ठेवले होते. मी बसायच्या आधीच त्या बोलायला लागल्या, जणू रात्रभर त्याही जुळवत होत्या. पलंगाच्या कोणत्या बाजूला तोंड करून त्या झोपायच्या ते सांगितलं. जिन्यात नवऱ्याची पावलं वाजली की हातातलं काम टाकून त्या बागेत कशा निघून जायच्या ते. तो गेला तेव्हा सगळा मोहल्ला सांत्वनाला आला आणि त्या रडल्या, कारण रडायचं असतं. मग म्हणाल्या, "हे मी बहिणीलाही सांगितलेलं नाही. फक्त तुम्हाला. तुम्हाला कळतं म्हणून."

माझं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते उच्चारलं असतं तर ही बाई माझ्यासमोर उघडी पडली असती, एका परक्या मुलीच्या अर्धवट भाषेपायी. आणि ह्यांच्यावरचा डाग पुसला गेला असता, हेही मला कळत होतं. मी कपाकडे बघत राहिले.

"तुमचं काय?" त्यांनी विचारलं. "काही सुधारणा?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग उठून बागेकडची खिडकी उघडली, दोन्ही दारं पार भिंतीला टेकवली. झायडेलबास्ट अगदी खाली होता; काही फुलं तपकिरी पडायला लागली होती. उद्यापासून गळतील, त्या म्हणाल्या, आज वास शेवटचाच, घ्या. त्यांनी माझी खुर्ची खिडकीशी ओढली आणि आपलीही. मी श्वास घेतला. थंडी आत आली, नाकातून छातीपर्यंत. शेगडीतला कोळसा विझत आला, कॉफीवर साय धरली, तरी त्यांनी खिडकी लावली नाही, आणि मीही लावा म्हटलं नाही.